देवचाराला कशाला मध्ये ओढता?

रातपाळीवाला, वेर्णा: काल इथे कोणीतरी लिहिले, "झोपेतून जाग येते, अंग हलत नाही, छातीवर कोणी बसलेय असे वाटते, तर देवचाराने दाबले समजा. गाऱ्हाणे घाला, रोटाचा नैवेद्य द्या." देवचार म्हणजे आपल्या गोव्यात लोक मानतात तो गावचा अदृश्य आत्मा. वाचून राहवले नाही. मला हे कितीदा तरी झालेय, आणि दरवेळी पाळी बदलली त्या आठवड्यात. स्वप्ने पडतात त्या 'आरईएम' झोपेत मेंदू अंग सैल सोडतो, नाहीतर आपण स्वप्नातले धावणे अंथरुणात धावलो असतो. कधी जाग आधी येते, अंग मागाहून सुटते. श्वासाचा पडदा चालू असतो, पण मुद्दाम खोल श्वास घेता येत नाही. तेच ते ओझे. सेकंदांचा नाहीतर एकदोन मिनिटांचा खेळ.

साखळीकर: मग दारातला काळा माणूस? आईने पाहिला, मीही पाहिला, त्याच खोलीत. तुमची कंपनी पाळ्या बदलते, माझी आई कुठे कामाला होती?

रातपाळीवाला, वेर्णा: आईने सांगितलेले ऐकूनच तुम्ही त्या खोलीत झोपलात ना? डोळे उघडे आणि स्वप्न चालूच, मग मनातली भीतीच दारात उभी राहते. जपानात याला कानाशिबारी म्हणतात, कॅनडातल्या न्यूफाउंडलंडात म्हातारी छातीवर बसते. आपला देवचार तिकडे जातो का?

पेडण्याची माई: दोघेही थांबा. देवचार राखणदार आहे! खांद्यावर कांबळे, हातात दांडा, रात्री वाट चुकलेल्याला घरापर्यंत सोडणारा. माझे आजोबा शेतातून उशिरा यायचे, पुढे दांड्याचा आवाज ऐकत यायचे. तो कोणाच्या उरावर कशाला बसेल? त्याचे नाव घेऊन भीती पसरवणाऱ्यांचाच मला राग येतो.

साखळीकर: माई, रोट चुकला तर तो रागावतो, हेही आजोबांनीच सांगितले असेल.

पेडण्याची माई: वाट चुकवतो म्हणाले. छातीवर बसतो असे कधी म्हणाले नाहीत. रोट आम्ही कृतज्ञतेने देतो, खंडणी म्हणून नाही. तुमच्यासारख्यांमुळे पोरे राखणदाराला भूत समजू लागलीत.

साखळीकर: बरे, देवचार नसेल. पण मला उताणे झोपल्यावरच होते, एवढे खरे.

रातपाळीवाला, वेर्णा: तेच सांगतोय! पाठीवर झोपणाऱ्यांना जास्त होते, जागरणानेही. कुशीवर झोपा, वेळ पाळा. आला झटका तर बोट नाहीतर जीभ हलवून बघा, माझे तरी त्याने सुटते.

पेडण्याची माई: माझा भाचा दिवसाही बसल्या जागी झोपतो, हसता हसता गुडघे गळतात. तेही जागरणच का?

रातपाळीवाला, वेर्णा: नाही माई, तो नार्कोलेप्सी हा झोपेचा आजार असू शकतो. त्याला मेंदूच्या डॉक्टरकडे न्या, आणि तोवर गाडी चालवू देऊ नका.