मदत हवी आहे: आटवायची गाय अजून १२ लिटर देतेय

नमस्कार मंडळी, वाळवा तालुक्यातून लिहितोय. एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) संकरित गाय आहे, तिसऱ्या वेताची, गाभणपणाचा सातवा महिना संपून आठवा लागलाय. विण्याआधी ६० दिवस कासेला विश्रांती मिळाली नाही तर पुढच्या वेताचं दूध घटतं, त्यामुळे आटवायची, म्हणजे दूध काढणं बंद करायचं, हे नक्की. पण दोन्ही वेळचं मिळून अजून १२ लिटर निघतंय.

डॉक्टर म्हणतात, पेंड बंद करून धार एकदम थांबवा आणि शेवटच्या धारेनंतर चारही सडांत औषधाची ट्यूब सोडा. वडिलांचं म्हणणं, एक वेळ पिळत हळूहळू आटवू. उजव्या मागच्या सडाला कासदाह (कासेची सूज) होऊन गेलाय, पहिल्या धारेत अजूनही कधीतरी बारीक गुठळी दिसते. अशा सडाचं तुम्ही काय करता? आधी उपचार पूर्ण करून मग आटवता का?

दुसरं, खुराक. आमच्याकडे ऊसतोडीत वाढे (उसाचे हिरवे शेंडे) भरपूर, पण त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम बांधून ठेवतं. मागच्या वेताला ही विल्यावर मिल्क फिवरने (कॅल्शियम कमी पडून होणारा आजार) बसली होती, सलाईनवर उठली. त्या रात्रीची आठवण आली की अजून पोटात गोळा येतो. विल्यावर शरीराने हाडांतलं कॅल्शियम स्वतः काढावं म्हणून विण्याआधीच्या शेवटच्या ३ आठवड्यांत वरचं कॅल्शियम बंद ठेवून गाभण गाईंचं वेगळं खनिज मिश्रण कोणी वापरलंय का? मक्याचा मुरघास (हवाबंद आंबवलेला हिरवा चारा) आहे, पण गाय आधीच अंगाने भरलेली आहे. तो किती द्यावा, की कडब्यावरच ठेवावी?

ज्यांनी स्वतःच्या गोठ्यात केलंय त्यांनी कृपया सविस्तर सांगा.