डॉट पी६५ फाइल कशी उघडायची? गावच्या वाचनालयाची स्मरणिका आहे

वाचनवेडी :
आमच्या वाचनालयाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेची सीडी कपाटात सापडली. फाइलचं नाव 'स्मरणिका.पी६५'. डबल क्लिक केलं की विंडोज विचारतं, कशात उघडू? छापील प्रत एकच उरली आहे, तीही वाळवीनं खाल्लेली. जुन्या शिक्षकांच्या आठवणी, देणगीदारांची नावं, सगळं त्यात आहे. कुणी मार्ग दाखवेल का?

निखिल_प :
नाव बदलून शेवटी डॉट डॉक करून बघा.

जुना डीटीपीवाला :
ताई, नाव बदलू नका. त्यानं आतला मजकूर बदलत नाही, फक्त वर्ड गोंधळतं. आणि 'कुठलीही फाइल उघडा' म्हणणाऱ्या साइटवरून काही डाउनलोड करू नका.

ही पेजमेकर ६.५ ची फाइल आहे. पेजमेकर म्हणजे छपाईची पानं जुळवायचं जुनं सॉफ्टवेअर. ही आवृत्ती १९९६ ची. २००१ साली सातवी आवृत्ती आली, त्याच्या फाइलला डॉट पीएमडी लागतं. मराठी अंक, पत्रिका, स्मरणिका वर्षानुवर्षं यातच जुळल्या. मीही आयुष्याची बरीच वर्षं त्याच पडद्यासमोर काढली, म्हणून अशी फाइल वाया गेलेली मला बघवत नाही.

आधी सीडीवरचं सगळं फोल्डर हार्डडिस्कवर घ्या, नुसती एक फाइल नको. पेजमेकरमध्ये मोठे फोटो बहुधा बाहेर ठेवून जोडलेले असत. सीडीवर फॉन्टच्या फाइली असतील तर त्या जिवापाड जपा. मग लिबरऑफिस ड्रॉ घ्या, फुकट आहे, त्यात फाइल उघडा. मांडणी विस्कटेल, पण मजकूर हाती येईल. कुणाकडे इनडिझाइन हे पानं जुळवायचं सॉफ्टवेअर, सीएस६ किंवा त्याआधीचं, असेल तर उत्तमच. त्यात पानं बरीच जागेवर राहतात.

वाचनवेडी :
दादा, ड्रॉमध्ये उघडली! पण सगळीकडे इंग्रजी अक्षरं आणि चित्रविचित्र खुणा दिसतात. फाइल खराब झाली का?

जुना डीटीपीवाला :
मुळीच नाही. तेव्हाचे मराठी फॉन्ट युनिकोड, म्हणजे आज सगळीकडे चालणाऱ्या अक्षरपद्धतीचे, नव्हते. रोमन अक्षराच्या जागेवर देवनागरीचा तुकडा बसवलेला असायचा. तो फॉन्ट नसेल तर खालचं रोमन उघडं पडतं. फॉन्टचं नाव बघा. 'श्री-देव' असं काही दिसलं तर तो श्रीलिपी या सॉफ्टवेअरचा फॉन्ट. तोच फॉन्ट टाकला की मराठी दिसेल. पुढे वापरायचं असेल तर त्याच फॉन्टचा युनिकोड कन्व्हर्टर, म्हणजे मजकूर युनिकोडमध्ये बदलणारा प्रोग्राम, लावा, दुसऱ्याचा चालत नाही.

त्यानंतर प्रूफ वाचावंच लागेल. जुन्या फॉन्टमध्ये 'वि' लिहिताना वेलांटी आधी, व नंतर; युनिकोडमध्ये उलट. 'कीर्तन'मधला रफार त नंतर टाकलेला असतो, तो त च्या आधी यायला हवा. कन्व्हर्टर इथेच चुकतो. सगळ्यात जास्त घात आडनावांचा होतो.

ग्रंथपाल_कोकण :
आमच्याकडे असंच काम झालं. देणगीदारांची यादी आम्ही कन्व्हर्टरवर सोडलीच नाही, छापील प्रतीवरून हातानं टाइप केली.

जुना डीटीपीवाला :
बरोबर केलंत. ताई, तुम्हीही वाळवी लागलेल्या प्रतीची पानं आजच मोबाइलवर टिपून ठेवा, प्रूफ त्यावरून लावता येईल. फॉन्टचं नाव इथे टाका, कुठला कन्व्हर्टर ते सांगतो.