फाउंड्रीतल्या एआयला डेटाचा डोंगर हवा, की नीट लिहिलेल्या जुन्या केसेस?

उद्यमबागकर
बेळगावात फाउंड्रीसाठी (धातू वितळवून साच्यात ओतणाऱ्या कारखान्यासाठी) एआय म्हटलं की लगेच न्यूरल नेटवर्कच्या, म्हणजे ढीगभर नमुन्यांतून शिकणाऱ्या मॉडेलच्या, गोष्टी सुरू होतात. माझ्या मते आपल्या लहान फाउंड्रींना केस-बेस्ड रीझनिंग, म्हणजे जुन्या प्रसंगांवरून नव्याचा उपाय शोधणं, जास्त उपयोगी आहे. कास्टिंगला (ओतलेल्या भागाला) ब्लोहोल, म्हणजे गॅसचं भोक, आला की जाणता मोल्डर (साचे करणारा कारागीर) समीकरण मांडत नाही. ‘मागच्या पावसाळ्यात पंपाच्या बॉडीला असंच झालं होतं, वाळूत ओल जास्त होती’ हे त्याला आठवतं आणि तो आधी वाळू बघतो. पद्धतही तशीच: जुळणारी जुनी केस काढा, तिचा उपाय घ्या, नव्या जॉबवर तपासून दुरुस्त करा, निकालासकट नोंदवून ठेवा. आमोट आणि प्लाझा यांनी १९९४ मध्ये हे चार टप्पे मांडले. लॉकहीड कंपनीची क्लॅव्हिअर ही प्रणाली बघा. विमानाचे कंपोझिट (धागे आणि रेझिनचे) भाग ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखाली तापवणाऱ्या भट्टीत, कसे मांडले तर सारखे तापतील, याचं धड सूत्र नव्हतं. कामगारांनी जमलेल्या मांडण्यांची चित्रं जपली होती, त्यांच्यावरच ती उभी राहिली. आपल्याकडे मात्र जुने मोल्डर घरी बसताहेत आणि रिजेक्शन रजिस्टरात दोषाचं नाव आणि नग यापलीकडे अक्षर नसतं. हे ज्ञान डोळ्यांदेखत चाललंय.

शहापूरची इंजिनिअर
दादा, कळकळ पटते, पद्धत पटत नाही. ‘जुळणारी’ हे ठरवणार कोण? गॅसमुळे पडलेलं भोक आणि श्रिंकेजची (धातू थिजताना आकसल्याने झालेली) पोकळी घाईत सारखीच दिसतात. पहिल्यात वाळूची ओल, कोअरचा (साच्यातल्या वाळूच्या गाभ्याचा) गॅस बघायचा; दुसऱ्यात रायझर, म्हणजे आकसणाऱ्या भागाला जादा धातू पुरवणारा साठा. चुकीची केस वर आली तर तुम्ही आठवडाभर वाळू सुकवत बसाल, आणि वाळू फार कोरडी झाली की साचा भुरभुरून नवाच दोष येईल. कुठल्या गुणाला किती वजन द्यायचं हे डेटातूनच शिकावं लागतं. मग थेट मॉडेलच का नको?

उद्यमबागकर
कारण मॉडेलला पुरतील इतके नमुने एका शॉपकडे नाहीत, आणि दुसरा शॉप आपली रिजेक्शन दाखवणार नाही. भोक आतून गुळगुळीत की खडबडीत, जाड भागात की वरच्या पृष्ठावर, एवढं टिपलं तरी तुम्ही म्हणता तो घोळ बराच सुटतो. नोंद ठरलेल्या पर्यायांवर खुणा करून घ्यायची; एक पाळी कन्नडमध्ये लिहिते, दुसरी मराठीत, मोकळं लिहायला दिलं तर कशाचा कशाला मेळ लागणार नाही. शिवाय इथे उत्तरासोबत जुनी केस समोर येते. ‘हा जॉब तसा नाही’ असं मोल्डर म्हणू शकतो.

निपाणीचा वकील
आमच्या धंद्यात रोज हेच चालतं म्हणून लिहितो. केव्हिन अ‍ॅश्ली यांची हायपो ही प्रणाली व्यापारी गुपितांच्या दाव्यांसाठी होती. ती तुमच्या बाजूचा निवाडा दाखवायची, तसा समोरचा कुठला निवाडा पुढे करील आणि दोन्हींत फरक कुठे, हेही दाखवायची. फाउंड्रीतही एकच केस दाखवू नका. तशीच दिसणारी पण वेगळ्या कारणाची केस शेजारी ठेवा. एकच दाखवली तर माणूस तिच्याच मागे जातो.

खानापूर रोड
माझा विरोध वेगळा आहे. उपाय केला आणि दोष गेला, म्हणजे उपायानेच गेला का? आपल्याकडे दोष आला की मालक एकाच दिवशी वाळू बदलतो, ओतायचं तापमान वाढवतो, व्हेंटही (गॅस बाहेर जायच्या वाटा) वाढवतो. त्यात पाऊसही थांबतो! मग रजिस्टरात लिहिणार काय? खोटं कारण एकदा केस म्हणून बसलं की पुढे पाच वर्षं तेच निघत राहील, तेही पुराव्याच्या थाटात. मोल्डर निदान विसरतो तरी.

उद्यमबागकर
धाग्यातला हा सगळ्यात वजनदार मुद्दा आहे. म्हणून दुरुस्तीचा टप्पा गाळता येणार नाही. एकावेळी एकच गोष्ट बदलायची, काही साचे जुन्या पद्धतीने आणि काही नव्या, त्याच लाडलमधून (ओतायच्या भांड्यातून) ओतायचे. तसं केलं नसेल तर केसवर ‘कारण अनिश्चित’ असं लिहायचं आणि ती शोधात खाली ढकलायची.

शहापूरची इंजिनिअर
डिस्पॅचची गाडी दारात उभी असताना एकेक गोष्ट बदलत बसणारा मालक मी तरी अजून पाहिला नाही. आणि जॉबिंग फाउंड्रीत (ऑर्डरप्रमाणे वेगवेगळे भाग ओतणाऱ्या) पॅटर्न, म्हणजे साच्याचे नमुने, सारखे नवे येतात. जवळची केस नसेल तर प्रणालीने तसं स्पष्ट सांगायला हवं. सर्वांत जवळची म्हणून काहीतरी पुढे करणार असेल, तर मी विरोधातच.

उद्यमबागकर
साम्याची किमान मर्यादा ठेवता येते. तिच्याखाली उत्तर द्यायचं नाही, मोल्डरला बोलवायचं. ती मर्यादा कुठे ठेवायची हे मात्र जुन्या रिजेक्शनवर तपासूनच ठरेल. त्यासाठी आधी रजिस्टर नीट लिहायला लागू या.