मदत हवी आहे: टेक्सासमध्ये अमेरिकन शासनव्यवस्था शिकवायची आहे

नमस्कार मंडळी. मी पुण्यातून राज्यशास्त्रात एम.ए. केलं आहे, आता डॅलसजवळ राहते. वर्क परमिट आहे. इथल्या कम्युनिटी कॉलेजात (दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजात) शिकवायची मनापासून इच्छा आहे.

टेक्सासच्या सरकारी कॉलेजांत बॅचलर पदवीसाठी ६ क्रेडिट शासनव्यवस्था आणि ६ क्रेडिट इतिहास घ्यावाच लागतो, मग विद्यार्थी इंजिनिअरिंगचा असो की संगीताचा. त्यामुळे या विषयांना शिक्षक लागतातच. अट साधारण अशी दिसते: मास्टर्स आणि त्या विषयातले १८ ग्रॅज्युएट क्रेडिट. माझी गाडी इथेच अडते. माझे बरेचसे पेपर भारतीय राजकारण आणि राजकीय विचारांचे होते. माझ्या भारतीय पदवीचं कोर्सनिहाय मूल्यांकन (प्रत्येक पेपर इथल्या किती क्रेडिटच्या बरोबरीचा, ते तपासणं) करून घेतलं, तर हे पेपर १८ मध्ये धरतात का? की अमेरिकन काँग्रेस, सुप्रीम कोर्ट असे कोर्स इथे नव्याने करावे लागतील?

शिवाय इतिहासाचेही १८ क्रेडिट ऑनलाइन करावेत का? यादवी युद्धानंतरचा काळ, १८६८ ची चौदावी घटनादुरुस्ती (नागरिकत्व आणि कायद्याचं समान संरक्षण देणारी) आणि तिच्यावरून आजही चालणारे खटले हे मला दोन्ही वर्गांत शिकवायला फार आवडेल. राज्यघटना कळायला इतिहास हवाच, असं माझं ठाम मत आहे.

अ‍ॅडजंक्ट (अर्धवेळ, कंत्राटी शिक्षक) म्हणून सुरुवात करून कोणी पूर्णवेळ झालं आहे का? की पीएच.डी.शिवाय ते अवघडच? प्रत्यक्ष शिकवणाऱ्यांनी कृपया सविस्तर सांगा.