८ मेच्या रात्री कराची पडलं नव्हतं: युद्ध चालू असताना आपण लढवलेल्या तर्कांबद्दल

डोंबिवलीकर (मूळ धागा)

मनात बरेच दिवस आहे, आता लिहूनच टाकतो. २२ एप्रिल २०२५ ला पहलगाममध्ये २६ माणसं मारली, त्यातली सहा महाराष्ट्रातली आणि त्यातली तीन आमच्या डोंबिवलीची. भागशाळा मैदानात अंत्यदर्शनाला मी रांगेत होतो. शेजारी उभे असलेले एक काका सारखं एकच म्हणत होते, आता सोडायचं नाही, आता सोडायचं नाही. मलाही तेच वाटत होतं, खोटं कशाला सांगू.

म्हणून ७ मेला भारताने ऑपरेशन सिंदूर सुरू केल्यावर ८ मेच्या रात्री आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर जे चाललं होतं त्यात मीही होतो. कराची बंदर उडवलं, विक्रांत या आपल्या विमानवाहू नौकेने हल्ला केला, इस्लामाबादपर्यंत फौज गेली, पाकिस्तानात सत्तापालट झाला, पाकव्याप्त काश्मीर (पीओके) आता दोन दिवसांत आपलं. रात्री दोन वाजेपर्यंत मी स्वतः सात-आठ व्हिडिओ पुढे ढकलले. त्यातला एक व्हिडिओ गेमचा निघाला, आणि एक इस्रायलचा, जुना. सकाळी उठलो तर कराची जागच्या जागी.

आणि १० मेला संध्याकाळी पाच वाजता शस्त्रसंधी झाली तेव्हा हेच ग्रुप, हीच माणसं, एकदम उलटली. घाबरले, विकले गेले, जिंकलेलं घालवलं. परराष्ट्र सचिव मिस्रींनी फक्त निवेदन वाचून दाखवलं, तर त्यांना आणि त्यांच्या घरच्यांना इतक्या घाण शिव्या दिल्या की त्यांना आपलं एक्स खातं लॉक करावं लागलं.

माझं म्हणणं असं की आपला अंदाज चुकला कारण आपण सैन्याचा हेतू बघितलाच नाही, आपली इच्छा बघितली. ७ मेच्या सकाळी सरकारने स्वच्छ सांगितलं होतं: नऊ ठिकाणं, सगळे दहशतवादी तळ, पाकिस्तानच्या लष्करी ठाण्यांना हात लावलेला नाही, कारवाई मोजूनमापून आणि भडका उडू नये अशी. रात्री १ वाजून ५ मिनिटं ते दीड, पंचवीस मिनिटांत सगळं. ज्याला युद्ध वाढवायचंय तो पहिल्याच सकाळी असं बोलतो का? पीओके घ्यायला निघालेलं सैन्य नव्हतंच ते. त्यामुळे लढाई चालू असताना आपण सामान्य माणसांनी तर्क लढवणं बंद करावं असं माझं प्रामाणिक मत झालंय.

निखारा

साफ असहमत. तुम्ही गाडीचा दोष प्रवाशांवर टाकताय.

लोक तर्क का लढवतात? कारण सांगायचं ते सांगितलं जात नाही म्हणून. पाकिस्तानने ७ मेलाच पाच विमानं पाडल्याचा दावा केला, जगभर तो फिरला. आपल्याकडून काय? ११ मेला एअर मार्शल भारती म्हणाले नुकसान हा लढाईचा भाग आहे, आमचे सगळे पायलट परत आलेत. आकडा नाही, हो नाही, नाही नाही. आणि मग ३१ मेला सीडीएस (तिन्ही दलांचे प्रमुख) चौहान सिंगापूरला जाऊन परदेशी वृत्तसंस्थेला सांगतात की हो, विमानं गमावली. सिंगापूरला! मुंबईत नाही, दिल्लीत नाही, संसदेत नाही. चोवीस दिवस.

शस्त्रसंधीचंही तेच. आधी ट्रम्पच्या पोस्टवरून कळलं, मग मिस्री आले. ज्या देशाची पोरं सीमेवर आहेत त्या देशाला लढाई थांबल्याचं वॉशिंग्टनहून कळावं, आणि लोकांनी हेतू काय म्हणून विचारू पण नये? मी विचारणार. तुमच्या सोसायटीचे काका पण विचारणार, आणि त्यांना तो हक्क आहे.

डोंबिवलीकर

विचारायला मी नाही म्हणतच नाहीये हो. पण काका विचारत नव्हते, काका सांगत होते. कराची पडलं म्हणून सांगत होते. दोन्हीत फरक आहे.

नांगरवाला

मर्चंट नेव्हीत आहे, त्या आठवड्यात आमचं जहाज गल्फहून गुजरातकडे येत होतं, म्हणून थोडं सांगतो. घरून बायकोचा मेसेज, कराची जळतंय तुम्ही कुठे आहात. ब्रिजवर आमच्या स्क्रीनवर एआयएस असतं, म्हणजे प्रत्येक जहाज आपलं नाव, जागा, वेग सांगत असतं. बंदर खरंच जळत असेल तर पहिलं काय होतं? नांगर टाकून थांबलेली जहाजं नांगर उचलून खोल समुद्राकडे सुटतात. तसलं काही हाललेलं मला दिसलं नाही आणि धोक्याचा कुठला इशाराही रेडिओवर आला नाही. तेवढ्यात कराची बंदराच्या स्वतःच्याच एक्स खात्यावर नुकसान झाल्याची पोस्ट आल्याचं कोणीतरी पाठवलं, मग थोड्या वेळात त्यांनीच सांगितलं की खातं हॅक झालं होतं, बंदर नीट चालू आहे. म्हणजे सरकारी शिक्का बघून विश्वास ठेवलेला माणूसही त्या रात्री फसला, काकांना फार बोलू नका.

कराचीच का, तर आपल्या डोक्यात १९७१ बसलंय. ४ डिसेंबरच्या रात्री आपल्या मिसाइल बोटींनी कराचीवर हल्ला केला, म्हणून तो नौदल दिन. पण त्या युद्धात विक्रांत बंगालच्या उपसागरात होती, कराचीच्या बाजूला नव्हतीच. ८ मेला लोकांनी दोन वेगळ्या गोष्टी एकात कालवल्या आणि वर आजच्या नव्या विक्रांतचं नाव लावलं.

बाकी खरी गोष्ट माझ्या मते जास्त महत्त्वाची होती. ११ मेला व्हाइस अ‍ॅडमिरल प्रमोद यांनी सांगितलं की आपला ताफा उत्तर अरबी समुद्रात पुढे नेऊन ठेवला होता, आणि कराचीसकट जमिनीवरच्या ठिकाणांवरही आपल्याला हव्या त्या वेळी मारा करायच्या तयारीत होता. मारा केला नाही, पण मारू शकतो हे समोरच्याला दाखवून उभा राहिला. समुद्रावर जहाज नुसतं योग्य जागी उभं असणं हेच अर्धं काम असतं. हे कोणाच्या ग्रुपवर आलं नाही कारण त्यात जळणारं काही नव्हतं.

सिग्नलवाला (निवृत्त)

निखारा यांचा राग समजतो पण विमानांच्या बाबतीत एक बाजू सांगणं माझं कर्तव्य आहे, बावीस वर्षं सिग्नल्समध्ये, म्हणजे सैन्याच्या संदेशवहन विभागात होतो.

शत्रूने मिसाइल सोडलं की त्याला सगळ्यात जास्त काय हवं असतं? लागलं की नाही याची खात्री. रडारवरून एक ठिपका गायब झाला, पण ते विमान पडलं का खाली उतरून निघून गेलं हे त्याला पक्कं कळत नाही. तुम्ही टीव्हीवर कबूल केलं की त्याचं काम फुकटात झालं, आता त्याला कळलं कुठल्या अंतरावरून कुठलं मिसाइल चालतं, उद्या परत तेच वापरेल. दुसरं म्हणजे पायलट. २७ मे १९९९ ला नचिकेता कारगिलमध्ये पकडले गेले, २७ फेब्रुवारी २०१९ ला अभिनंदन. पायलट कुठे उतरला, कोणाच्या हाती आहे, लपलाय का, हे ठरेपर्यंत तोंड उघडलं तर त्याचा जीव जातो. आणि हे सगळं आपण मुंबईत बघितलेलं आहे. २६/११ ला नरिमन हाउसच्या छतावर हेलिकॉप्टरमधून कमांडो उतरताना सगळ्या देशाने लाइव्ह बघितले, आणि तेच तिकडे कराचीत बसलेले हॅण्डलर बघत होते. सुप्रीम कोर्टाने कसाबच्या निकालात, २०१२ साली, त्या कव्हरेजवर फार कडक शब्दांत लिहिलंय. या वेळी २६ एप्रिलला सरकारने चॅनेलना लाइव्ह दाखवू नका म्हणून जे पत्र काढलं त्यात २६/११, कारगिल, कंदाहार तिन्हीचा उल्लेख होता, तो उगाच नव्हता.

निखारा

सर, तुमचा मान ठेवून विचारतो. पायलट परत आलेत हे ११ मेलाच सांगितलं. म्हणजे पायलटच्या जीवाचा मुद्दा त्या दिवशी संपला. लढाई १० मेला थांबली. मग उरलेले वीस दिवस कोणाचा जीव वाचवत होतो?

सिग्नलवाला (निवृत्त)

त्याला माझ्याकडे पुरं उत्तर नाही. मिसाइलचा मुद्दा शस्त्रसंधीनंतरही राहतो, कारण परत कधी पेटेल सांगता येत नाही. पण सीडीएस साहेब सिंगापूरला जे बोलले, की चूक कुठे झाली ते समजून घेतलं, दुरुस्त केली आणि दोन दिवसांत सगळी विमानं परत उडवून लांबून मारा केला, हे आपल्याच लोकांना आपल्याच भाषेत सांगितलं असतं तर लोकांची छाती भरून आली असती. तिथे चुकलं असं मलाही वाटतं.

किराना हिल्सचं मात्र कृपा करून थांबवा. सरगोध्याचा मुशाफ विमानतळ आपण मारला, टेकड्या जवळ आहेत, म्हणून अणुसाठा फोडला अशी कथा रचली गेली. १२ मेला एअर मार्शल भारतींनी आम्ही तिथे मारलेलं नाही म्हणून सांगितलं, आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेनेही किरणोत्सर्ग गळती कुठे नाही म्हणून सांगितलं. तरी माझा भाचा अजून म्हणतो की म्हणूनच अमेरिका घाबरून मध्ये पडली. सगळं एका धाग्यात ओवलेलं असलं की माणसाला ते खरं वाटतं, आणि युद्धात तर काहीच एका धाग्यात नसतं. मुशाफ, नूर खान असे तळ १० मेच्या सकाळी आपटले, दुपारी ३ वाजून ३५ मिनिटांनी पाकिस्तानच्या डीजीएमओचा, म्हणजे लष्करी कारवायांच्या प्रमुखाचा, फोन आला. मला कारण म्हणून एवढं पुरतं. अमेरिका फोन करत होती हेही खरं असू शकतं, दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं.

डेस्कवरची

मी एका चॅनेलच्या न्यूजरूममध्ये काम करते, कुठल्या ते सांगणार नाही. त्या रात्री मी टिकरवर, म्हणजे स्क्रीनखालच्या बातमीपट्टीवर होते.

नऊच्या पुढे कोणीतरी ओरडलं, कराची चालवा, बाकीच्यांनी चालवलंय. मी विचारलं कन्फर्म कोणी केलंय. उत्तर आलं, समोरच्या स्क्रीन बघ. आमच्यासमोर दहा-बारा चॅनेल लावलेले असतात, सगळ्यांवर तेच. प्रत्येक जण दुसऱ्याच्या स्क्रीनकडे बघून कन्फर्म करत होता. मी टाइप केलं. ‘कराची बंदरावर मोठा हल्ला’, लाल पट्टी, त्यात ‘सूत्रांची माहिती’ हे दोन शब्द घातले आणि स्वतःची समजूत काढली. कुठलं सूत्र, तर बाजूचा टीव्ही. हे मी आजवर घरी पण सांगितलेलं नाही.

पण मला झोप लागत नाही ती कराचीमुळे नाही. ७ मेला पूंछमध्ये पाकिस्तानच्या गोळीबारात मदरशातले एक शिक्षक गेले. आपला माणूस, आपल्या हद्दीत, त्यांच्या तोफेने मेला. आणि काही चॅनेलनी त्यांचा फोटो लावून सांगितलं की हा लष्कर-ए-तैयबाचा मोठा दहशतवादी, आपण त्याला पाकव्याप्त काश्मीरमध्ये मारला. पूंछ पोलिसांना पत्रक काढावं लागलं की हे खोटं आहे, या माणसाचा दहशतवादाशी काही संबंध नाही. घरात मयत पडलेली आणि टीव्हीवर बाप दहशतवादी. तो फोटो आमच्याकडे चालला नाही, पण चालला असता तर मीच टाइप केला असता हे मला माहीत आहे.

म्हणून निखारा, सरकार गप्प बसलं म्हणून अफवा उठल्या हे पूर्ण खरं नाही. त्या शिक्षकाबद्दल सरकारने काय लपवलं होतं?

निखारा

हे वाचून मी दहा मिनिटं काही लिहिलं नाही. बरोबर आहे तुमचं, तिथे सरकारचा काही संबंध नव्हता, तो आपला द्वेष होता.

तरी माझी मागणी मी सोडत नाही. कारगिल २६ जुलै १९९९ ला संपलं आणि २९ जुलैला सुब्रह्मण्यम यांची समिती नेमली पण. पुढच्या फेब्रुवारीत अहवाल संसदेत. काही पानं झाकली, तरी बराचसा लोकांनी वाचला, गुप्तचरांचं कुठे चुकलं ते छापून आलं. त्याने सैन्याचं नाव खराब झालं का? उलट. तसं आता करा. मग मी तर्क लढवायचा बंद करतो.

डोंबिवलीकर

याला माझं शंभर टक्के अनुमोदन. आणि धाग्यात मी जे ‘तर्क बंद करा’ लिहिलं ते मागे घेतो. नांगरवाल्यांनी पण तर्कच केला की, पण आधी स्क्रीन बघितली. माझा हट्ट एवढाच उरतो की लढाई चालू असताना, जे आपण बघितलेलं नाही ते ‘झालं’ म्हणून पुढे ढकलायचं नाही.

साताऱ्याची सून

मी सगळं वाचलं. आमचे हे सैन्यात आहेत, जम्मूच्या बाजूला होते, जास्त सांगत नाही. आमच्या गावात घरटी एक माणूस फौजेत. ७ तारखेपासून फोन लागेना. सासूबाई दिवसभर टीव्हीसमोर, जेवायला पण तिथंच. टीव्हीवर म्हणायचे आपण इथं घुसलो तिथं घुसलो, तुम्हा लोकांना आनंद व्हायचा, त्यांना वाटायचं घुसलो म्हंजे माझा पोरगा घुसला. तोंडाला पदर लावून बसायच्या. ९ तारखेला घाटकोपरला वाढलेला एक अग्निवीर पोरगा सीमेवर गेला ती बातमी आली, आणि त्यांनी नाव नीट ऐकलंच न्हाई, नुसतं महाराष्ट्र ऐकलं. त्यांना सावरायला शेजारच्या बाया आल्या. मग मी केबलची वायरच काढून ठेवली.

निखारा दादा म्हणतात तसं सांगायला पाहिजे हे मला पण पटतं. पण आम्हाला विमान किती पडली ते नको होतं, नुसतं एवढं हवं होतं की फोन का लागत न्हाई. ते कोणीच सांगितलं न्हाई, ना सरकारनं ना टीव्हीनं.

डेस्कवरची

ताई, त्यांचा फोन आला का मग?

साताऱ्याची सून

आला. १२ तारखेला संध्याकाळी. दुसऱ्या कुणाच्या तरी फोनवरनं, तीन मिनिटं. मी विचारलं काय झालं हो तिकडं, खरंच एवढं आत गेलेले का. म्हणाले मला माझ्या खंदकाम्होरचं तेवढं माहितीय, तू आईला फोन दे.