विरोधी पक्षाचं काम मागितलं, पण मागच्या पाच वर्षांची हजेरी?

कोथरूडकर

काल संध्याकाळी 2019 च्या विधानसभा निवडणुकीचा प्रचार संपला. पेपरवाले नेहमीप्रमाणे लिहितील, तोफा थंडावल्या. आमच्या तोफेला बत्तीच लागली नाही, थंडावणार काय!

2009 मध्ये मी पहिल्यांदा मत दिलं ते मनसेच्या इंजिनाला. तेव्हा मनसेचे 13 आमदार आले होते. 2014 ला एकच आला, तरी माझं मत तिथंच होतं. त्यामुळे खालचं बोलणं विरोधकाचं समजू नका.

9 ऑक्टोबरला राजसाहेब ठाकऱ्यांची या निवडणुकीतली पहिली सभा पुण्यात होती. ऑफिसातून थेट गेलो. मैदानाचा चिखल झालेला, बूट रुतत होते, माणसं खुर्च्या डोक्यावर धरून उभी. एक पोरगा झेंडा काठीवरून काढायचा, पिळायचा आणि परत लावायचा. माझ्यादेखत तीनदा केलं त्याने. मग सभा रद्द झाल्याचं कळलं. ठीक आहे, पाऊस कुणाच्या हातात नाही. पण दुसऱ्या दिवशी मुंबईच्या सभेत मागितलं काय, तर प्रबळ विरोधी पक्षाची जागा! 288 जागांच्या राज्यात शंभरेक उमेदवार देऊन. घरी टीव्हीवर ऐकताना त्या पोराचा झेंडा डोळ्यांसमोर आला. त्याने सोसायटीत जाऊन काय सांगायचं, 'आम्हाला हरवायला मत द्या'?

एप्रिलमध्ये लोकसभेच्या प्रचारात याच नेत्याने स्वतःचा एकही उमेदवार नसताना 'लाव रे तो व्हिडिओ' म्हणत, भाजपच्या दाव्यांचे व्हिडिओ सभेत दाखवत राज्य हलवलं होतं. 'डिजिटल गाव' हरिसालच्या जाहिरातीतला तरुण थेट मंचावर आणून उभा केला होता. तो अभ्यास, ती धार आता कुठे गेली? आणि परवा, 18 तारखेला, साताऱ्यात अठ्ठ्याहत्तर वर्षांचे पवार भर पावसात बोलले. तुलना होणारच.

जुना मनसैनिक

पावसावरून माणूस मोजायचा असेल तर हवामान खात्यालाच मत द्या. साताऱ्यात पवार बोलायला उभे राहिले आणि पाऊस आला. तुमच्या मैदानाचा आधीच चिखल झालेला, तुम्हीच लिहिलंय. उद्या कुणाला माईकच्या वायरीचा शॉक बसला असता तर हाच धागा उलटा निघाला असता.

विरोधी पक्षाचं हसू येतं तुम्हाला? याच विधानसभेत काय झालं ते आठवा. 2014 ला आधी शिवसेना विरोधी बाकांवर बसली, एकनाथ शिंदे विरोधी पक्षनेते झाले, महिनाभरात पक्ष सत्तेत. मग काँग्रेसचे विखे पाटील विरोधी पक्षनेते झाले, ते या जूनमध्ये भाजपचे मंत्री. एका विधानसभेचे दोन विरोधी पक्षनेते सरकारात गेले! अशा वेळी एक माणूस उभा राहून म्हणतो की मला सत्ता नको, तिथे बसून प्रश्न विचारू द्या. यापेक्षा खरं कोण बोललं या निवडणुकीत?

आणि ऑगस्टमध्ये ईडीने साहेबांना चौकशीसाठी आठ तासांहून जास्त वेळ बसवून ठेवलं होतं, तेही विसरू नका.

सरळरेषा

खरं बोलला, मान्य. पण विरोधी पक्षनेतेपदासाठी एक दशांश आमदार लागतात असा संकेत आहे, म्हणजे 29. शंभरातून 29 आणायचे तर प्रत्येक जागा जीव तोडून लढायला हवी. इथे लढायचं की नाही हेच सप्टेंबर संपताना ठरलं, आणि अर्जाची शेवटची तारीख होती 4 ऑक्टोबर. उमेदवाराने वॉर्ड कधी फिरायचा?

घड्याळजी

त्या व्हिडिओंनी लोकसभेत काय दिलं? काँग्रेस-राष्ट्रवादी आघाडीला 48 पैकी 5. गर्दी टाळ्या वाजवते आणि घरी जाते.

बूथवाला

तुमचं सगळ्यांचं लक्ष व्यासपीठावरच. मी चार निवडणुका बूथ सांभाळतोय, पक्ष सांगत नाही. मतदान फिरतं ते यादीच्या पानावर. एका पानावर तीसेक नावं, त्यांच्यामागे एक माणूस. त्याला माहीत असतं की पाचव्या नावाची मुलगी लग्न होऊन गेली, बाराव्या नावाच्या आजोबांना रिक्षा लागते. दुपारी तीनला कोण आलं नाही ते बघून फोन करायचा. दोनशे मीटरच्या बाहेर आमचं टेबल, दोन खुर्च्या, उन्हाला छत्री. एका पक्षाची पोरं जेवायला म्हणून उठली ती संध्याकाळी उगवली, तोवर यादीवर चहाचे डाग. राज ठाकऱ्यांची सभा याच्यापुढे दहा मिनिटांची करमणूक आहे. आवडते मलाही.

जुना मनसैनिक

पान सांभाळायला माणूस लागतो, माणसाला सत्तेचा वास लागतो. नाशिकमध्ये 2012 ला 40 नगरसेवक दिलेत. तिथे बॉटनिकल गार्डन झालं, मुलांसाठी ट्रॅफिक पार्क झालं, इतिहास संग्रहालय झालं. 2017 ला तुम्ही 5 वर आणून ठेवलंत. मग बूथवर कोण बसणार? थंड प्रचार म्हणता, मतदार काय कमी थंड आहे?

कोथरूडकर

नाशिकचा मुद्दा बोचला. विखे पाटलांचाही. शब्द मागे घेतो, विरोधी पक्ष मागण्यात लाज नाही.

पण मग ते काम 2014 पासून करायचं होतं हो. त्यासाठी आमदार लागतातच असं कुठे आहे? पैसे अडकलेले पीएमसी बँकेचे खातेदार सप्टेंबरपासून रस्त्यावर आहेत, मुंबईत मेट्रो कारशेडसाठी आरेची झाडं रात्रीत तोडली. हे विषय भाषणात आले, नाही म्हणत नाही. पण भाषणानंतर काय? विरोधी पक्षाची नोकरी मागताना अनुभवाच्या रकान्यात काय लिहायचं? 2014 ला साहेब सोमय्या मैदानावर 'मी स्वतः विधानसभा लढवणार' म्हणाले होते. तेही राहिलं. इंजिनाचं तोंडसुद्धा मधे फिरवून झालं, डबे मात्र जोडायचे राहिले.

सगळ्यात जास्त राग आमच्या कोथरूड मतदारसंघाचा आहे. भाजपने इथल्या आमदार मेधा कुलकर्णींचं तिकीट कापून कोल्हापूरच्या चंद्रकांत पाटलांना उभं केलं. लोक चिडलेत, चहाच्या टपरीपासून लिफ्टपर्यंत 'घरचा की बाहेरचा' चालू आहे. आघाडीने उमेदवार न देता मनसेच्या किशोर शिंद्यांना पाठिंबा दिला. असा योग पुन्हा येतो का? साहेबांनी इथेच आठवडाभर तळ ठोकायला हवा होता.

सरळरेषा

मग उद्या मत कुणाला?

कोथरूडकर

इंजिनालाच. म्हणून तर एवढं लिहिलं.

बूथवाला

मत देऊन घरी येऊन परत इथेच लिहिणार का? जा की टेबलावर.

जुना मनसैनिक

या खरंच. आमच्याकडे माणसं कमी आहेत, हे इथे कबूल करतो.

कोथरूडकर

येतो. डबा आणू की मिळतो?

बूथवाला

आणा. आणि यादीवर चहा ठेवू नका.