फायर एम्ब्लेम: नव्याने सुरुवात कुठून करावी?

सोंगटी:
पाळीपाळीने सोंगट्या हलवून लढायच्या व्हिडिओ गेमांची ही मालिका १९९० पासून चालू आहे. मग पहिल्या गेमपासूनच खेळायला हवं का? माझ्याकडे निन्टेन्डोचं स्विच हे गेमयंत्र आहे. मेलेलं पात्र परत येत नाही, याची धास्ती वाटते.

अडीचघर:
क्रमाने खेळायची गरज नाही, बहुतेक गेमांचं जग आणि कथा वेगळी असते. 'पाथ ऑफ रेडियन्स' आणि 'रेडियंट डॉन' अशा मोजक्या जोड्याच ओळीने खेळाव्यात.

स्विचवर 'थ्री हाउसेस' (२०१९) किंवा 'एंगेज' (२०२३) घ्या. थ्री हाउसेसमध्ये लढायांच्या मधे मठात फिरणं, विद्यार्थ्यांना शिकवणं यात बराच वेळ जातो, पण पात्रांत जीव गुंततो तो तिथेच. निव्वळ पटावरची लढाई हवी असेल तर एंगेज. नकाशे फार विचाराने रचलेत, कथा मात्र बेताची.

मरणाची धास्ती असेल तर कॅज्युअल मोड घ्या, पडलेलं पात्र लढाईनंतर परत येतं. थ्री हाउसेसमध्ये क्लासिकवरून (मेलेलं पात्र कायमचं जातं तो मोड) कॅज्युअलवर मधेच येता येतं, उलट जाता येत नाही. शिवाय चाली मागे घ्यायला डिव्हाइन पल्स आहे, सुरुवातीला दर लढाईत ३ वेळा. मात्र मागे जाऊन तीच चाल तशीच केलीत तर निकालही तोच येतो. आधी दुसरं पात्र हलवा किंवा शस्त्र बदला.

रातराणी:
२००३ चा गेम बॉय ॲडव्हान्सवरचा गेम विसरू नका. जपानबाहेर आलेला हा पहिला, आणि आता स्विच ऑनलाइन या वर्गणीच्या सेवेच्या एक्स्पान्शन पॅकमध्ये मिळतो. लिन या तलवारबाज नायिकेची सुरुवातीची प्रकरणं म्हणजे शिकवणीच आहे.

तलवार कुऱ्हाडीला भारी, कुऱ्हाड भाल्याला, भाला तलवारीला, हे सगळेच सांगतात. पण या गेममध्ये त्याने नेम १५ने आणि डॅमेज फक्त १ने बदलतो. खरा खेळ स्पीडचा. तुमचा वेग शत्रूपेक्षा ४ने जास्त असेल तर दोनदा वार होतो, आणि जड शस्त्र हा वेग खातं. लिनचं कॉन (शस्त्राचं वजन पेलायची ताकद) ५. आयर्न स्वोर्डचं वजन ५, म्हणजे काही तोटा नाही. स्टील स्वोर्डचं १०, म्हणजे वेग ५ने कमी. समजा लिनची स्ट्रेंथ ६, स्पीड ११, आणि समोर डिफेन्स ३, वेग ७ असलेला तलवारबाज. आयर्नने ८ चे दोन वार, एकूण १६. स्टीलने ११चा एकच वार, तोही कमी नेमाचा. महाग शस्त्र म्हणजे चांगलं शस्त्र, हा गैरसमज इथेच सोडा.

सोंगटी:
आणि त्या गेममधला मार्कस, सुरुवातीपासूनच तगडा असलेला घोडेस्वार? तो इतरांची एक्स्पी (लढून मिळणारे अनुभवाचे गुण) खातो, त्याला बसवून ठेवा असं वाचलं.

रातराणी:
बसवू नका. शेवटचा घाव कच्च्या पात्राला घालू द्या, एक्स्पी मुख्यतः मारण्यात मिळते. मार्कसने शत्रूला अर्धमेलं करायचं आणि वाट अडवून उभं राहायचं. तो नसेल तर सुरुवातीचे नकाशे उगाच जड जातात.

नेमाच्या टक्केवारीबद्दलही सांगते. त्या गेममध्ये सहज उचललेल्या दोन आकड्यांची सरासरी काढून नेम ठरतो. त्यामुळे दिसणारे ९० टक्के प्रत्यक्षात सुमारे ९८ असतात, आणि ३० टक्के जेमतेम १८. तुमच्या ९०वर बिनधास्त विसंबा. शत्रूचा नेम ३० असेल तर तेवढा धोका पत्करायला हरकत नाही.

अडीचघर:
नव्या लोकांची पात्रं बहुतेक शत्रूच्या पाळीत मरतात. वेगवान घोडेस्वार पुढे काढला की चारही बाजूंनी पाच जण तुटून पडतात. पेगॅससवाली (उडत्या घोड्यावरची) तिरंदाजाच्या पल्ल्यात राहिली तर दोन बाणांत संपते. म्हणून पाळी संपवण्याआधी शत्रूंचा पल्ला दाखवा. नव्या गेमांत एका बटणाने सगळ्यांचा एकदम दिसतो, जुन्यात एकेकाला निवडून बघावा लागतो. मग तुमच्या पुढच्या पात्रापर्यंत जे जे पोचतात त्यांच्या डॅमेजची बेरीज करा, दोनदा मारणाऱ्याची दुप्पट धरून. बेरीज त्या पात्राच्या एचपीइतकी (उरलेल्या जिवाइतकी) किंवा जास्त भरली तर पात्र दोन घरं मागे घ्या. एखादी पाळी वाया गेली तरी चालेल.